चढणीच्या तोंडावर पाच दिवस

दिवस पहिला : पुणे, देहू, लोणावळा, महाड

"मासे बघायला पाच दिवस? मासळी बाजारात जाऊन या की," असं म्हणत सौ.नं डबा हातात दिला. तिचाच धाकटा भाऊ सोबत येणार होता, म्हणून एवढ्यावर सुटका झाली. हा माझा मेहुणा कोल्हापूरचा. गळाचं वेड असं की लग्नाच्या बोलणीला गेला तेव्हाही स्कूटरच्या डिकीत दोरी आणि गांडुळांची डबी होती म्हणतात. मी मासे वाचवण्याच्या गोष्टी करणारा आणि तो मासे धरणारा, त्यामुळे गाडीत बोलायला विषय कमी पडणार नव्हता.

सहलीचं मूळ एका यादीत आहे. विल्यम सायक्स नावाचा कंपनी सरकारचा एक लष्करी अधिकारी १८२४ सालापासून काही वर्षं दख्खनची मोजदाद करत हिंडला. पिकं, पाऊस, पक्षी, मासे, जे दिसेल ते त्यानं टिपलं. १८३९ साली त्यानं दख्खनच्या माशांवर निबंध छापला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. नव्या जातींना शास्त्रीय नावं देताना त्यानं अनेकदा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. कोळस, मसळा, आळकुटी, रोहटी, नुक्ता, खुदरी. दख्खनचा महासीर, म्हणजे नदीतला मोठ्या खवल्यांचा मासा, शास्त्रज्ञांसाठी आजही 'टॉर खुद्री' आहे. तो मासा सायक्सला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. ही यादी मी डायरीत देवनागरीत उतरवून घेतली होती. यातली किती नावं आज नदीकाठी कुणाला कळतात, एवढंच बघायचं होतं. दिवस मुद्दाम जूनच्या पहिल्या आठवड्यातले निवडले, चढणीच्या तोंडावरचे. चढण म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला उलट्या पाण्यानं वर चढतात ती.

सकाळी सातला बंडगार्डनच्या पुलाजवळ थांबलो. पाण्यावर जलपर्णी, वास नेहमीचा. तीन पोरं गळ टाकून बसली होती. बादलीत सात-आठ मासे, सगळी चिलापी. मेहुण्यानं एक हातात घेऊन परत टाकली आणि म्हणाला, "दाजी, ह्यो मासा गटारातबी संसार करतोय."

खरं तर चिलापीचं रहस्य त्यानं एका वाक्यात सांगितलं. मूळची आफ्रिकेतली ही जात १९५२ साली भारतात आणली. हिची मादी अंडी तोंडात सांभाळते. त्यामुळे तिला ना वाहतं पाणी लागतं, ना तळाचे स्वच्छ गोटे. खडशीचं, म्हणजे महासिराचं तसं नाही. त्याची अंडी खडी-गोट्यांत पडतात, त्यांना प्राणवायूनं भरलेलं खळाळतं पाणी लागतं. नदीचं गटार झालं की खडशी हरते आणि चिलापी जिंकते. चिलापीनं खडशीला हाकललं असं सरसकट म्हणतात, पण मला वाटतं, आपण घर मोडून ठेवलं आणि ती त्यात राहायला आली.

देहूला इंद्रायणीच्या डोहाशी थोडा वेळ बसलो. तुकोबांची गाथा बुडवली आणि तेरा दिवसांनी वर आली, तो हा डोह. इथले मोठे मासे कुणी धरत नाही, ती पिढ्यांची रीत आहे. पण इथं मासे मरून वर आल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. धरणाऱ्याचा हात देवाच्या नावानं थांबतो, नाल्यातून येणारं पाणी थांबत नाही. वारीची तयारी सुरू झाली होती, घाटावर मंडपाचे बांबू पडले होते. एका आजींनी लाह्या टाकल्या. वर आले ते सगळे छोटे मासे.

लोणावळ्यात वळवणच्या तलावाकडे गेलो. इथं टाटांच्या वीज कंपनीचं महासिराचं बीजनिर्मिती केंद्र आहे, १९७० च्या सुमारापासूनचं. आत जायची परवानगी काढायचं आम्ही विसरलो होतो, चूक आमचीच, म्हणून लांबूनच पाणी बघितलं. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी इथं महासिराची अंडी कृत्रिम रीतीनं फळवून पिल्लं वाढवायचं तंत्र बसवलं. तेव्हा महासीर जवळजवळ संपत आलाय अशी धास्ती होती आणि त्यांनी केलं ते कौतुकाचंच होतं. लाखो बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, इथून देशभरातल्या जलाशयांत गेल्या.

पण त्यातल्या काही कावेरीतही गेल्या. कावेरीचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, महासिरांतला सगळ्यात मोठा. परदेशी गळवाले खास त्याच्यासाठी यायचे. आपली खुद्री तिथं रुजली, पसरली, आणि कावेरीचा तो मूळ महासीर कमी कमी होत गेला. गंमत अशी की इतका प्रसिद्ध मासा, पण त्याचं शास्त्रीय नाव २०१८ पर्यंत पक्कं नव्हतं. त्या वर्षी तो 'टॉर रेमादेवी' ठरला, आणि लगेच अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. खुद्री मात्र संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडली. एका खोऱ्यातला मासा वाचवायच्या उत्साहात दुसऱ्या खोऱ्यातला गेला.

मेहुणा हे ऐकून गप्प बसला. खोपोलीचा घाट उतरल्यावर म्हणाला, "म्हंजे तळ्यात मासं सोडून फोटो काढत्यात, त्ये पुण्याचं काम न्हवं?" मी म्हटलं, कुठला मासा, कुठल्या पाण्यात, त्यावर आहे.

पाली, वाकण आणि मग मुंबई-गोवा रस्ता. त्या रस्त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. महाडला पोचायला रात्रीचे नऊ वाजले.

दिवस दुसरा : वाळणकोंड

लॉजच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक मळकट आडवी रेघ होती. "एकवीसचं पाणी," मालक म्हणाले. जुलै २०२१ मध्ये महाड बुडालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण रेघेखाली उभं राहून चहा पिताना ते वेगळं कळतं. त्या पुरानंतर सावित्रीतला गाळ काढायची कामं निघाली. मी सहज बोलून गेलो, की गाळाबरोबर गोटे आणि खडीही जाते आणि माशांची विणीची जागाच उपसली जाते. मालकांनी माझ्याकडे जरा बघितलं. "साहेब, त्या रात्री आमची म्हातारी आम्ही माळ्यावर उचलून नेली. मासे नंतर." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. फक्त एवढं वाटतं, गाळ कुठला आणि नदीची हाडं कुठली हे जेसीबीवाल्याला कुणी तरी दाखवायला हवं.

बिरवाडी मागे टाकून, औद्योगिक वसाहतीचा वास काचा वर करूनही नाकात घेऊन, काळ नदीच्या कडेनं वर निघालो. काळ ही सावित्रीला मिळणारी नदी. रायगड-लिंगाण्याच्या डोंगरांचं पाणी घेऊन येते. जूनच्या सुरुवातीला ती नदी कसली, खडकांची रांग आणि मधे मधे डबकी. वाळणला पोचलो आणि ती एकदम खोल झाली.

कोकणात कोंड म्हणजे वाडीही आणि खडकातला खोल डोहही. हा दुसरा. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधे हिरवट काळं पाणी, आणि काठावर वरदायिनी देवी. तळ लागत नाही असं गावात सांगतात. सात बाजांचे सुंभ एकाला एक बांधून सोडले तरी खाली पोचले नाहीत म्हणे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक डोहाला हे सात बाजांचे सुंभ लागतात. एकदा कुणी तरी सहाच बाजा नेऊन बघायला हव्यात.

दहा रुपयांचे कुरमुरे घेतले. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, आधी बारके येतील, मग मधले, मग देवीचे. घाई करू नका." पहिली मूठ टाकली आणि पाणी उकळल्यासारखं झालं. बोटभर, वीतभर मासे. ते जरा हटले तसे हातभर लांबीचे आले. आणि मग अगदी खालून, काळोखातून, करड्या निळसर पाठी वर चढताना दिसू लागल्या. काही मांडीएवढ्या जाड. रुपयाएवढे खवले ऊन लागताच चमकायचे. एकानं इतकं शांतपणे तोंड उघडून कुरमुरे आत घेतले की आवाजही झाला नाही. मेहुण्याचा उजवा हात आपोआप, रीळ फिरवल्यासारखा हलत होता. त्याला ते कळलं तेव्हा त्यानं हात खिशात घातला.

या माशांना इथं कुणी हात लावत नाही. धरला तर देवी कोपते, खाल्ला तर माणूस आजारी पडतो, असं लहान पोरालाही माहीत असतं. अशी ठिकाणं सह्याद्रीभर आहेत. वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वर आहे, कर्नाटकात तुंगेवर शृंगेरी आहे, कपिला नदीवर शिशिला आहे. शिशिल्यात १९९६ साली कुणी तरी पाण्यात विष कालवलं आणि डोहातले मासे मेले, तेव्हा गावानं त्या माशांचं स्मारक उभारलं. वनखात्याचं पाऊलही पडलं नव्हतं तेव्हापासून या डोहांनी मासे राखले. नद्या आटतात तेव्हा मासा उरतो तो डोहात. उन्हाळ्यातली ती त्याची शेवटची ओसरी असते. जुन्या माणसांनी देव नेमका तिथं बसवला, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

देवळाच्या पायरीवर एक म्हातारे बाबा तंबाखू मळत बसले होते. मेहुण्यानं त्यांना गळवाल्याचा प्रश्न विचारलाच. "बाबा, देवीची हद्द कुठवर?"

बाबांनी हातानं दाखवलं. वर त्या खडकापर्यंत, खाली नदीच्या त्या वाकणापर्यंत, म्हणजे वळणापर्यंत.

"आणि वाकणाच्या खाली गळ टाकला तर?"

"टाका ना. कुणी अडवणार नाही." बाबांनी तंबाखू ओठात ठेवली. "पण तिथला मासा हितलाच असतो. वलगणीला वर गेलेला, नाही तर पाण्यासंगं खाली गेलेला."

वलगण म्हणजे आपली चढण. पहिला मोठा पाऊस झाला, ओढे नदीला मिळाले, गढूळ पाण्याचा वास आला की मासे उलट्या दिशेनं निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात, काही जाती थेट भातखाचरात. पोटात अंडी असतात. उथळ, ताज्या पाण्यात ती सोडायची असतात. महासीर खाचरात शिरत नाही, पण तोही पावसाळ्यात वर सरकतो, खळाळत्या पाण्यातली खडी शोधतो. त्याच रात्री माणसंही निघतात. बॅटऱ्या, पाग (फेकायचं जाळं), कोयते, खोयण्या (बांबूचे सापळे) घेऊन. बाबांनी सांगितलं की पूर्वी गेळाची फळं ठेचून टाकायचे, मासा गुंगायचा. मग सुरुंग आले, मग ब्लीचिंगची पावडर. "गेळाचा गुंगलेला मासा तासाभरानं शुद्धीवर यायचा. पावडरचा येत नाही. त्याची पिल्लं पण येत नाहीत." सुरुंग आणि विष लावून मासे मारायला बंदी घालणारा कायदा १८९७ सालचा आहे. सव्वाशे वर्षांत तो या वाकणापर्यंत चालत आलेला दिसत नाही.

मला त्या पायरीवर पहिल्यांदा नीट कळलं की यादी हातात घेऊन मी चुकीची गोष्ट मोजत होतो. नावं राहिली की गेली, हे नंतरचं. डोह राखला आहे, पण डोह ते विणीची जागा ही वाट कुणाच्याच राखणीत नाही. देवीची हद्द शे-दीडशे पावलांची, माशाची गरज मैलोगणती. शिवाय वर्षातून एकदाच, आणि नेमकी ज्या आठवड्यात आपल्याला चढणीच्या माशांची चव आठवते त्याच आठवड्यात.

आणि हेही बघा. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, कारण माशांच्या विणीचे दिवस. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेच दिवस ओढ्यातल्या माशांचेही, तिथं मात्र जत्रा. राज्याचा मासा म्हणून २०२३ मध्ये पापलेट जाहीर झालं, तेही खाऱ्या पाण्यातलं. गोड्या पाण्यातल्या माशाला सरकारदरबारी गोत नाही.

जाताना बघितलं, कुरमुऱ्यांच्या रिकाम्या पिशव्या कपारीत साचल्या होत्या. मेहुण्यानं न सांगता दोन ओंजळी भरून गोळा केल्या आणि डिकीत टाकल्या. तिथंच गळाची दोरीही होती.

दिवस तिसरा : आंबेनळी, महाबळेश्वर, कऱ्हाड, कोल्हापूर

आजचा दिवस गाडीचाच. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांची पाच तोंडं: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. गर्दी होती, कणीस खाऊन निघालो. पण एक विचार डोक्यात राहिला. त्याच डोंगराचं पाणी सावित्री होऊन काल बघितलेल्या काळेला भेटतं आणि महाडवरून अरबी समुद्रात जातं, आणि तिथलंच कृष्णा होऊन बंगालच्या उपसागरात. मधे फक्त एक धार. मासा ती धार ओलांडू शकत नाही, म्हणून लाखो वर्षांत दोन्हीकडे वेगवेगळ्या जाती झाल्या. आपण मात्र ती सहज ओलांडतो. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी खोपोलीला उतरवतो, कोयनेचं बोगद्यातून वाशिष्ठीला सोडतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून मासे हव्या त्या नदीला पोचवतो.

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेळ खाल्ली. संध्याकाळी कोल्हापूर. सासूबाईंनी तांबडा-पांढरा केला होता. "मासं बघून आला न्हवं, आता मटण खावा," म्हणाल्या.

दिवस चौथा : पंचगंगा

पहाटे पंचगंगा घाट. त्यानंतर प्रयाग चिखलीचा संगम, मग कसबा बावड्याचा राजाराम बंधारा. कोल्हापुरात लहान पोरांनाही या बंधाऱ्याचे दोन आकडे पाठ असतात, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. माशांसाठी याच बंधाऱ्यांची दुसरी गोष्ट आहे आणि ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं उभे खांब आणि त्यांच्या मधल्या खाचांत आडवे घातलेले बरगे. पाऊस संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याच्या तोंडावर ते काढायचे. धरणाची भिंत बारा महिने उभी असते, तिथं मासा कायमचा अडतो. इथं मात्र बरगे निघाले की नदी पुन्हा नदी होते आणि खालचा मासा वर जाऊ शकतो. वेळ जुळली तर. बरगे निघायच्या आधी पहिलं गढूळ पाणी आलं, तर अंड्यांनी भरलेल्या माद्या भिंतीला तटतात. तिथंच पाग टाकणारे उभे असतात, आणि त्यांनी तरी का उभं राहू नये, आयता मासा आहे. आम्ही गेलो तेव्हा अर्धे बरगे निघालेले होते, अर्धे तसेच. बरगे काढायचा दिवस शेतीच्या पाण्याचा हिशेब बघून ठरतो, तो बरोबरच आहे. त्या हिशेबात माशाची एक ओळ घालायला काही खर्च नाही. ऊसवाल्यांचंही नुकसान नाही, कारण पाऊस आल्यावर त्या पाण्याची कुणाला गरज?

मेहुण्यानं ओळखीच्या एका भोई मामांकडे नेलं. वय सत्तरीच्या पुढचं, हातांवर जाळ्याच्या दोऱ्यांचे वण. घरापुढं पाग दुरुस्त करत बसले होते. त्यांच्या कडेला बसून मी डायरी उघडली आणि सायक्सची यादी वाचू लागलो.

"कोळस."

"हाय. म्हंजे हुता. आता धरणाच्या अंगाला गावतोय."

"मसळा."

मामा थांबले. "मोठा हुतो त्यो. लई दिसांत न्हाई बघितला."

"आळकुटी."

"आळकूट. बारकी पोरं भाजून खायाची."

"रोहटी." मान हलली, हो. "नुक्ता."

मामा खळखळून हसले आणि स्वतःच्या कपाळावर अंगठा टेकवला. "ह्याच्या हितं टेंगूळ असतंय! माज्या बापानं दाखवला हुता. तुमाला ह्ये नाव कुणी सांगितलं?"

एका इंग्रजानं, म्हटलं, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी. त्यालाही तुमच्यासारख्याच कुणी तरी सांगितलं असणार. नुक्ता आज संकटग्रस्त आहे, कृष्णेच्या खोऱ्याबाहेर फारसा नाही, आणि त्याच्या कपाळावर खरंच शिंगासारखा उंचवटा असतो.

मग मामांनीच मला एक नाव विचारलं. "खवलचोर लिवलाय का?" सायक्सच्या यादीत तो नाही. पण मला माहीत होता, कारण त्याला शास्त्रीय नाव देणारे सी. व्ही. कुलकर्णीच, वळवणच्या महासिरांवर पुढं काम करणारे. १९५२ साली त्यांनी पंचगंगेतल्या या माशाचं वर्णन केलं आणि 'खवलचोर' हाच शब्द लॅटिन नावात ठेवला. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. "चोरच त्यो," मामा म्हणाले. "जाळ्यात घावला की बाकीच्या माश्यांची सालटं निघाल्याली असायची." ज्यांच्या अंगावरचे खवले चोरायचे ते मासेच कमी झाले, तर चोरानं काय करावं?

नदीबद्दल विचारलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला. उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, रात्रीतून मळीचं काळं पाणी येतं आणि सकाळी मासे काठाला लागतात. मग दोन दिवस पेपरात फोटो. "पैल्या दिशी लोक पोतं घिऊन येत्यात, फुकट मासं. दुसऱ्या दिशी वास सुटतोय. तिसऱ्या दिशी कुणी येत न्हाई." त्यांची दोन्ही मुलं आता नदीवर जात नाहीत. एक रिक्षा चालवतो, दुसरा फाउंड्रीत आहे. बाजारात विकायला मामाच जातात, आणि विकतात ते तळ्यातले कटला-रोहू, टेंपोनं आलेले.

निघताना मामांनी विचारलं, "ती नावं परत वाचा की एकदा." मी वाचली. ते पाग शिवत ऐकत राहिले.

दिवस पाचवा : आंबोली, आजरा

गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली. आजऱ्यापासून ढग खाली आलेले. दोन दिवसांपासून इकडं वळवाचा जोर होता, शेतं धूळवाफेत पेरून झालेली, काही ठिकाणी घनसाळ भाताचे कोंभ दिसू लागले होते.

हिरण्यकेशीचं देऊळ म्हणजे गुहा आहे. आतून पाणी येतं, बाहेर कुंडात पडतं, आणि तीच नदी होऊन आजऱ्याकडं वाहते, पुढं घटप्रभेतून कृष्णेला मिळते. या कुंडात आणि त्याच्या ओहळात बोटाएवढा एक मासा राहतो, अंगावर पट्टे, तळाला चिकटून सरकणारा. गावातले लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. शास्त्राला तो २०२० साली कळला, 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं त्याचं बारसं झालं. ते करणाऱ्यांत तेजस ठाकरे होते, म्हणून बातमी जरा मोठी झाली. पुढच्याच वर्षी शासनानं इथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका बोटभर माशासाठी एवढं घडलं याचा मला मनापासून आनंद आहे.

पाण्याशी बराच वेळ उकिडवा बसलो. गोट्यांमधे काही तरी सरकलं, परत सरकलं. पट्टे दिसले असं मी म्हणेन. मेहुणा म्हणाला, "दाजी, ती सावली हुती." वाळणकोंडात देवीचे मासे स्वतः वर आले होते, हा देवाचा मासा दर्शन द्यायला तयार नव्हता. शेजारी एक कुटुंब पाय धूत होतं, बाईंच्या हातात साबण होता. मेहुण्यानं "वहिनी, साबण नको, बारकं मासं हाईत पाण्यात," असं इतक्या साधेपणानं सांगितलं की त्यांनी साबण लगेच पिशवीत टाकला. मी सांगितलं असतं तर भाषण झालं असतं.

२.११ हेक्टर. वाळणच्या शे-दीडशे पावलांपेक्षा जास्त, पण पाणी कुठून येतं? गुहेच्या वरच्या पठारावरून, सड्यावरून, जंगलातून. तिथं कुणी बंगल्यांचे प्लॉट पाडले किंवा विहिरी खणल्या, तर खाली वारसा स्थळाचा फलक तसाच राहील. पाणलोट राखला तर मासा राखला जातो. उलटं होत नाही. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या माशांची २०११ मध्ये पाहणी झाली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात निघाल्या होत्या. त्यातल्या कित्येक अशाच, एका ओढ्यापुरत्या, एका डोंगराच्या कुशीपुरत्या.

चारला पाऊस कोसळला तो थांबेना. आजऱ्याजवळ मेहुण्याच्या मित्राचं गाव, मुक्काम तिथंच ठरला. घरामागून ओढा जातो, पुढं हिरण्यकेशीला मिळतो. आठ वाजता लाइट गेली. साडेआठला गल्लीतून पोरं ओरडत गेली, "चढण लागली, चढण!"

मेहुणा उठला तो थेट चप्पल न घालता. मीही गेलो, डायरी छत्रीखाली धरून. ओढा तांबडा झाला होता. बॅटऱ्यांच्या उजेडात बांधाच्या खाचेतून पाणी खाली पडत होतं आणि त्या पडत्या पाण्यावर मासे उड्या मारत होते. चुकायचे, खाली पडायचे, पुन्हा मारायचे. काही वर पोचून खाचरात शिरत होते, पाठ पाण्याबाहेर काढून, चिखलातून अक्षरशः चालत. पाच दिवस ज्याबद्दल बोलत होतो ते पायाशी चाललं होतं, आणि वर जाणाऱ्या प्रत्येक चार माशांमागे तीन बादलीत जात होते.

एका पोराला विचारलं, हा कुठला मासा? "चढणीचा," तो म्हणाला. आणि हा दुसरा? "त्योबी चढणीचाच."

मेहुणा बांधाच्या वरच्या अंगाला उभा होता, रिकाम्या हातानं. पोरांनी त्याला खोयणी देऊ केली तेव्हा म्हणाला, "खालच्या अंगाला लावा रं. वर पोचल्याल्याला जाऊ द्या." दोन पोरांनी ऐकलं. बाकीच्यांनी त्याला येडा ठरवला असणार.

घरी आलो तर आज्जी विळीवर बसल्या होत्या, कंदिलाच्या उजेडात. मी बादलीतले मासे दाखवत पुन्हा विचारलं. त्यांनी चष्मा न लावता, बोटानं उलटून बघत सांगितलं, ही मरळ, ही शिंगटी, ह्यो मळ्या, आणि ह्ये आळकूट, पोरं भाजून खात्यात. मी कंदिलाजवळ सरकून लिहून घेतलं. पोटं चिरली तशी पिवळी अंडी विळीवर ओघळली. आज्जींनी ती वेगळ्या वाटीत काढून ठेवली.

जेवायला बसलो तेव्हा रस्सा सगळ्यांना वाढून झाला, आणि वाटीतला अंड्यांचा तळलेला गोळा आज्जींनी माझ्या ताटात ठेवला. मेहुणा समोरून बघत होता. नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर आज्जी म्हणाल्या, "खावा, खावा. जावयाचा मान असतोय त्यो."

खाल्ला.